टेकू

गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकलीच्या डब्यावरून आगगाडी गेली. डबा शाबूत राहिला, आतल्या चकल्याही शाबूत राहिल्या. आगगाडी मात्र चिवड्याच्या डब्यापर्यंत पोहोचण्याआधीच आडवी झाली. अपघाताची चौकशी चहा उकळायच्या आतच सुरू झाली आणि चौकशी समितीच्या एकमेव सभासद, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, यांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला : "यापुढे फराळाच्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही. खायचं असलं तरी मला विचारून!"

प्रकरण असे झाले. आमचे चिरंजीव बंगळूरला असतात. वसुबारसेच्या दुपारी ते, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू असे तिघे सामानासह दाखल झाले. सामानात नातवाची स्वतःची एक वेगळी पेटी होती. ती त्याने दिवाणखान्याच्या मधोमध उपडी केली, तेव्हा तिच्यातून निळ्या प्लास्टिकचे रूळ, वळणे, एक इंजिन आणि चार डबे बाहेर पडले. इंजिनाच्या पोटात बॅटरी असते. खटका दाबला की ते आपले चालू लागते. असले निळे रूळ जपानातल्या टोमी कंपनीने १९५९ साली प्रथम काढले आणि दोन वर्षांनी त्यांवर बॅटरीची गाडी धावू लागली, ही माहिती चिरंजीवांनी पुरवली. म्हणजे हे खेळणे माझ्यापेक्षा फक्त सात वर्षांनी धाकटे! माझ्या लहानपणी ते आमच्या चाळीपर्यंत पोहोचले नाही, एवढेच. आम्ही काड्यापेटीला दोरा बांधून तिला आगगाडी म्हणत असू, आणि आमटीच्या उपड्या वाटीवर फूटपट्टी टेकवली की तिला खंडाळ्याचा घाट.

पेटी रिकामी झाली आणि तिच्याबरोबर नातवाचा चेहराही उतरला.

"बाबा, खांबांची पिशवी?"

पिशवी बंगळूरला राहिली होती. रूळ उचलून धरणारे, पूल बांधायला लागणारे सगळे छोटे खांब तिच्यात होते.

"मग जमिनीवरच चालव की!" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे अशा काही दृष्टीने पाहिले की, जन्मभर मी जमिनीवरच राहिलो यात त्याला आता काही आश्चर्य वाटेनासे झाले. "आजोबा, जमिनीवर कुणाचीही चालते," तो म्हणाला.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही उठून टेकू शोधू लागलो. डब्यांची हकिगत वर आलीच आहे. त्यांची झाकणे गोल, गुळगुळीत आणि वर तुपाच्या हाताची. त्यांच्यावर रूळ ठरेना. त्यानंतर देवघरातला चौरंग आणला, पण तो एकटाच एवढा उंच की त्याच्यावर चढायला गाडीला शिडी लागली असती. उटण्याच्या वाट्या, साबणाच्या वड्या, पणत्यांची जोडी, सगळे प्रयोग झाले. शेवटी नातवाची नजर भिंतीकडे गेली. तिथे माझे पुस्तकांचे कपाट आहे.

"आजोबा, ही चालतील!"

मी काही बोलण्याच्या आतच गॅलरीत फोनवर बोलत असलेले चिरंजीव दारात आले. फोनवर हात ठेवून ते मुलाला म्हणाले, "नाही हं. आजोबांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही."

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. रस्त्यात कुठे खड्डा आहे हे ज्याला ठाऊक असते, तो मागून येणाऱ्याला जसा सावध करतो, तसे ते बोलणे होते. बोलून ते पुन्हा गॅलरीत गेले. नातू रूळ गोळा करू लागला. आणि मी उगाचच चष्मा पुसू लागलो. कारण तो खड्डा कोणता आणि तो कुणी खणला, हे त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

ही गोष्ट १९८८ सालच्या दिवाळीची. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांत राहत होतो. मी एका कचेरीत भाषांतराचे काम करीत असे. भाषांतरकाराच्या घरात सोने नसले तरी चालते, कोश लागतो. दाते आणि कर्वे यांनी संपादलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एकेक करून जमवले होते. एकेका विभागासाठी महिना-महिना बस सोडून पायी कचेरीला गेलो होतो. सातवा विभाग घरी आला त्या दिवशी सौभाग्यवतींनी शिरा केला होता. यावरून त्या ग्रंथांचे आमच्या घरातले स्थान वाचकांच्या ध्यानात येईल.

त्या दिवाळीत माझ्या बहिणीने मुंबईहून भाच्यासाठी चावीची आगगाडी आणली. पत्र्याचे रूळ, पत्र्याचे इंजिन, दोन डबे. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे. वाड्याच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला होता, त्यावर अळीव पेरून गवत उगवले होते, चिखलाच्या तटावर मावळे उभे होते. पण चिरंजीवांचे मन किल्ल्यातून उडाले. त्यांना घाट पाहिजे होता. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी झोपलो असताना त्यांनी कोशाचे सगळे विभाग काढले, आणि बाहेरच्या खोलीपासून उंबरठ्यापर्यंत त्यांचे खांब करून त्यांवर रूळ मांडले.

संध्याकाळी माझ्या कचेरीतले एक वरिष्ठ गृहस्थ फराळाला आले. गप्पांत एका शब्दाच्या अर्थावरून वाद निघाला. "थांबा, कोशच दाखवतो," असे मी मोठ्या ऐटीने म्हणालो आणि उठलो. कपाट रिकामे! वळून पाहतो तो माझे सातही विभाग जमिनीवर आणि त्यांच्या डोक्यावरून आगगाडी चाललेली. उंबरठ्याजवळच्या विभागाला पणती टेकली होती आणि तिचे तेल कापडी पुठ्ठ्यात शिरून रुपयाएवढा डाग पडला होता.

मी ओरडलो. मारले नाही, हे आजही मी स्वतःला सांगत असतो. मी फक्त तो विभाग खालून ओढून काढला. त्याबरोबर रूळ निखळले, गाडी उंबरठ्यावर आपटली आणि इंजिनाचे चाक वाकले. "ही पुस्तकं आहेत, विटा नाहीत!" मी म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच इतके आवडले की पाहुण्यांसाठी मी ते पुन्हा एकदा उच्चारले. पाहुणे हसले. मुलगा रडला नाही. त्याने रूळ उचलले, प्रत्येक विभाग आपल्या नव्या सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि सातही विभाग कपाटात ठेवले. पहिल्यापासून सातव्यापर्यंत, अगदी क्रमाने. मला त्या वेळी बरे वाटले. शिस्त लागली असे वाटले.

शिस्त खरोखरच लागली. त्यानंतर चिरंजीवांनी माझ्या कपाटातले एकही पुस्तक काढले नाही. वाचनाचा नाद त्यांना होता, आजही आहे; पण पुस्तके ते वाचनालयातून आणीत. एखाद्या शब्दाचा अर्थ हवा असला तर आपल्या मास्तरांना विचारीत. ज्या शब्दावरून तो वाद झाला होता, तो कोणता हे आज मला आठवत नाही. तेलाचा डाग मात्र आहे तसा आहे.

त्या वसुबारसेच्या रात्री मला झोप येईना. मनात नको नको ते दाखले येऊ लागले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची गोष्ट मी पूर्वी केव्हातरी वाचली होती. हा गृहस्थ एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्याचे काम करी; म्हणजे माझ्यासारखाच कारकुनी पेशातला. आपल्या मुलांना खेळण्यातली यारी करून देण्यासाठी त्याने पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि त्या नटबोल्टांनी जोडल्या. एकदा यारी करा, मोडून पूल करा, मोडून मनोरा करा! १९०१ साली त्याने त्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्याचेच जगप्रसिद्ध मेकॅनो झाले. १९२० पासून त्याच्या कारखान्यातून चावीच्या आगगाड्याही निघू लागल्या. दोघेही कारकून, दोघांच्याही घरी मुले आणि दोघांच्याही पुढ्यात पूल. एकाने तो जोडून दिला. दुसऱ्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

धनत्रयोदशीला पहाटे, घर जागे होण्याआधी, मी उठलो आणि कपाट उघडले. पुस्तके काढून जमिनीवर रचू लागलो. थोड्या वेळाने डोळे चोळीत नातू आला आणि दारातच थबकला.

"आजोबा, बाबा रागावतील!"

"तुझ्या बाबांचा बाबा मी आहे," मी म्हणालो. "ये, बैस. रूळ आण."

आता खरे सांगायचे म्हणजे, पूल म्हणजे रुळाखाली काहीतरी ठेवणे एवढीच माझी कल्पना होती. पहिल्या तासाभरातच ती पार ढासळली. आम्हांला एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा होता. गाडीची उंची पाच सेंटिमीटर, तेव्हा वरचा रूळ निदान आठ सेंटिमीटर उंच हवा. आम्ही दोनच तुकड्यांत तेवढा चढ चढवला. इंजिनाने पहिल्या तुकड्यावर पाऊल ठेवले, चाके जागच्या जागी गरगर फिरवली आणि मागच्या चार डब्यांनी त्याला सन्मानपूर्वक खाली ओढून आणले.

मी फूटपट्टी काढली. रुळाचा एक तुकडा एकवीस सेंटिमीटरांचा. म्हणजे बेचाळीस सेंटिमीटर चालायचे आणि आठ सेंटिमीटर चढायचे, पाचास एक! मुंबईहून पुण्याला येताना आपली गाडी भोर घाट चढते, तो सदतीसास एक. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. आणि एवढ्यालाही मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते ते छान, पण त्याला पकड कमी. म्हणून आगगाडीला चढ मानवत नाही. नातवाच्या इंजिनाच्या चाकांना रबराची पट्टी आहे, त्यामुळे त्याची ताकद थोडी अधिक. पण पाचास एक त्यालाही झेपणारा नव्हता. मग आम्ही ठरवले, प्रत्येक तुकड्यामागे एक सेंटिमीटर चढायचे. म्हणजे एकविसास एक.

यासाठी एकेका सेंटिमीटरने वाढत जाणारे खांब हवेत. इथे माझ्या कपाटातील साहित्याचे एक नवेच मूल्यमापन सुरू झाले. कवितासंग्रह अर्धा सेंटिमीटर भरले. दिवाळी अंक एकेक सेंटिमीटर. या कामी त्यांच्याइतकी नेमकी वस्तू दुसरी नाही. ललित निबंध दीड, नाटके एक, कादंबऱ्या तीन ते पाच आणि माथ्यावर शब्दकोश. साहित्यात कुणाची उंची किती, यावर टीकाकारांचे कधी एकमत झालेले मी पाहिले नाही. आमच्या घरी तो प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलाने फूटपट्टीने सोडवला.

खांब झाले, तरी गाडी जाईना. दोन तुकड्यांचा सांधा आला की रूळ खाली दबे आणि सांधा उघडे. नातू पोटावर आडवा झाला, गाल जमिनीला लावून त्याने एक डोळा मिटला आणि म्हणाला, "आजोबा, खांब मध्ये आहेत. जोडाखाली पाहिजेत." बरोबर होते. अखंड तुकड्याला आपले बळ असते. आधार हवा तो जिथे दोन तुकडे एकमेकांना धरतात तिथे. आम्ही सगळे खांब सरकवून सांध्यांखाली आणले.

मग चढाच्या सुरुवातीला इंजिनाचे नाक अडकू लागले आणि माथ्यावर त्याचे पोट टेकून चाके अधांतरी राहू लागली. सपाटीवरून एकदम चढ आणि चढावरून एकदम सपाटी गाडीला सोसत नाही. यावर उपाय कवितेने केला. पहिला खांब अर्ध्या सेंटिमीटरचा, मग सात वेळा एकेक सेंटिमीटर आणि शेवटची चढण पुन्हा अर्ध्याची. चढाचे नऊ खांब, उताराचे नऊ. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, म्हणून तिथे रुंद पुस्तके आडवी लावली. प्लास्टिकचे वेष्टण घातलेली पुस्तके एकमेकांवरून घसरत. त्यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले.

एवढे करूनही उंच खांब डाव्या अंगाला झुकत. याचे कारण शोधण्यात सगळी दुपार गेली. पुस्तक सगळीकडे सारखे जाड नसते. जिथे पाने शिवतात तिथे, कण्याच्या बाजूला, दोरा आणि डिंक यांनी ते थोडे फुगते. पाच पुस्तकांचे कणे एकाच बाजूला आले की ते थोडे थोडे साठत जाते आणि सगळा खांब दुसरीकडे कलतो. एकाचा कणा डावीकडे, तर दुसऱ्याचा उजवीकडे, असे आलटून पालटून रचले की खांब ओळंब्यात उभा राहतो. आयुष्याची पन्नास-पंचावन्न वर्षे पुस्तकांत घालवूनही ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी पुस्तके नेहमी आतूनच पाहिली होती.

दिवेलागणीला मी नातवाला भोर घाटाची गोष्ट सांगितली. हजारो मजुरांनी सह्याद्री फोडून तो मार्ग १८६३ साली पुरा केला आणि अवघ्या चार वर्षांत, १८६७ साली, त्यातला एक मोठा दगडी पूल कोसळला. "मग?" त्याने विचारले. "मग पुन्हा बांधला," मी म्हणालो. हे उत्तर ऐकून त्याचे पूर्ण समाधान झाले. मुलांच्या दृष्टीने पूल पडणे ही शोकांतिका नसते, तो खेळाचाच एक भाग असतो. पुन्हा बांधू न देणे ही शोकांतिका.

रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या पुलाचीही गोष्ट सांगितली. कोकण रेल्वेच्या या पुलाची लांबी ४२४ मीटर आणि उंची ६४ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. मी त्यावरून दोनदा गेलो आहे. पहिल्या वेळी मला डुलकी लागली होती. दुसऱ्या वेळी मुद्दाम जागा राहिलो, खिडकीला नाक लावून बसलो, खाली झाडांचे शेंडे आणि दरी दिसली. पण पुलाचे खांब काही दिसले नाहीत. आपण ज्या पुलावर असतो त्याचे खांब आपल्याला दिसत नसतात. ते पाहायचे तर खाली उतरून लांब उभे राहावे लागते.

रात्री जेवणे झाली. नातू खांबांजवळच झोपी गेला. त्याला उचलून आत नेण्यासाठी चिरंजीव आले आणि दिवाणखान्याच्या दारातच उभे राहिले. दिवसभर त्यांचे कचेरीचे फोन चालले होते आणि सूनबाईंबरोबर खरेदी होती. पुलाकडे त्यांनी जाता-येता पाहिले असेल तेवढेच. आता माथ्यावरचा, तेलाच्या डागाचा विभाग त्यांना दिसला. तो मी मुद्दामच तिथे ठेवला होता. क्षमा मागायची माझ्या पिढीच्या बापांना सवय नाही. त्यांना अशा आडवाटाच सापडतात.

"हा अजून आहे?" ते म्हणाले.

"डाग गेला नाही," मी म्हणालो. मला पुढेही काही बोलायचे होते. ती वाक्ये मी आदल्या रात्री मनात चांगली घोळवली होती. पण भाषांतर करताना एखादा सोपा शब्दच नेमका सुचू नये, तसे झाले. "त्या दिवशी मी तो ओढायला नको होता," एवढेच कसेबसे म्हणालो.

चिरंजीव खाली बसले. वाकून, मुलासारखाच एक डोळा मिटून, त्यांनी खांबांची रांग पाहिली. एक पुस्तक किंचित सरकवले.

"बाबा, तो पूल तुमच्यामुळे पडला नाही," ते म्हणाले. "तो पडणारच होता. मी सगळ्या पुस्तकांचे कणे एकाच बाजूला ठेवले होते. आधीच कलला होता तो."

एवढे बोलून त्यांनी नातवाला खांद्यावर घेतले आणि ते आत गेले.

मी बराच वेळ तिथेच बसून होतो. कारण त्या संध्याकाळी कोश ओढण्यापूर्वी मी गाडी पाहिली होती. क्षणभरच पाहिली, पण पाहिली होती. ती उंबरठ्याकडे नीट, न डगमगता चालली होती. पूल कललेला नव्हता. निदान मला तरी तसे आठवते. तेव्हा चिरंजीवांना खरोखरच वेगळे आठवत होते, की सत्तरी उलटलेला बाप डोळ्यांसमोर कलताना पाहून त्यांनी चटकन हाताशी आलेला टेकू खाली सरकवला, हे मला समजले नाही. मी विचारलेही नाही. टेकू नीट बसला असेल तर तो हलवून पाहू नये, एवढे मी त्या दिवशी शिकलो होतो.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून, सौभाग्यवतींच्या परवानगीने फराळ करून, आम्ही गाडी सोडली. दोन्ही पिढ्यांचे बाप जमिनीवर पालथे पडून पाहत होते. इंजिन चढाला लागले, मंदावले, कवितांवरून सावधपणे गेले, दिवाळी अंकांवर जरा रेंगाळले, कादंबऱ्या ओलांडून कोशाच्या माथ्यावर आले आणि घरघरत पलीकडे उतरले. नातू ओरडला, सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोन दिवस घर अडवलंत होय!" आणि गाडी दुसऱ्यांदा माथ्यावर येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

भाऊबीजेनंतर मंडळी बंगळूरला गेली. जाण्याच्या आदल्या रात्री सगळी पुस्तके पुन्हा कपाटात लागली होती. ती कुणी लावली हे मी पाहिले नाही. सकाळी उठलो तेव्हा पहिल्यापासून सातव्यापर्यंत सगळे विभाग क्रमाने उभे होते. मधली एक जागा मात्र रिकामी होती. तिथे चौपट घडी केलेला कागद होता आणि त्यावर चिरंजीवांच्या अक्षरात लिहिले होते, "एक कादंबरी नेली आहे. वाचून परत आणतो."

तेव्हापासून कपाटात ती फट तशीच आहे. तिच्या दोन्ही बाजूंची पुस्तके थोडी आत झुकली आहेत. सौभाग्यवतींनी दोनदा सुचवले की, तिथे दुसरे काहीतरी सरकवून द्या, म्हणजे रांग सरळ दिसेल. मी अजून ते केलेले नाही.

परवा एका शब्दासाठी मी तेलाच्या डागाचा विभाग काढला. आत एक चिठ्ठी निघाली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत पेन्सिलीने लिहिले होते : "खांब नंबर ९. कणा डावीकडे." पुढच्या दिवाळीसाठी ती खूण असावी. शब्द पाहून झाल्यावर मी चिठ्ठी होती त्याच पानांत परत ठेवली.